सवलत घेतली तर पदवी माझीच ना?

डिस्लेक्सिया, कमी दृष्टी, श्रवणदोष, अवधानाच्या अडचणी किंवा दीर्घ आजार असलेले बरेच विद्यार्थी समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतात, पण मदत मागायला येत नाहीत. मदत न मागता निभावून कसं न्यायचं, हे विचारायला येतात. ही मुलगीही तशीच आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीचं, निदान शाळेतच झालेलं, पण कॉलेजात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. म्हणाली, “मॅडम, वाढीव वेळ घेऊन पास झाले तर मुलं म्हणतील, हिला सोपं करून दिलं. आणि खरं सांगू? मलाही तेच वाटत राहील. मग ती पदवी माझी कशी?”

“असं वाटून घेऊ नकोस” म्हणून ही भीती जात नाही. म्हणून मी तिला फक्त गेल्या आठवड्याचा अभ्यास सांगायला लावला. वाचायला दिलेला लेख स्कॅन केलेली पीडीएफ होती, म्हणजे पानांचे नुसते फोटो. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिच्या फोनमध्ये होतं, पण फोटोत त्याला अक्षरंच सापडत नाहीत. तासाला स्लाइड गच्च भरलेली. उतरवून घ्यावं तर सरांचं बोलणं निसटतं, ऐकावं तर स्लाइड पुढे जाते. परीक्षेत तीन उत्तरं उत्तम आणि चौथं कोरं. पेपरवर शेरा: वेळेचं नियोजन सुधारा.

“यातली समाजशास्त्राची अडचण कोणती?” मी विचारलं.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “एकही नाही.”

सवलतीबद्दलच्या लाजेवर मला माहीत असलेलं सगळ्यात उपयोगी उत्तर हेच आहे. परीक्षा नेमकं काय मोजायला घेतली आहे, ते आधी ठरवायचं. एखादा सिद्धांत प्रत्यक्ष परिस्थितीला लावता येतो का, हे पाहायचं असेल, तर हात किती भरभर चालतो ही मोजमापात शिरलेली भेसळ आहे. ती काढल्याने पेपर सोपा होत नाही, जास्त अचूक होतो. वेग हेच कौशल्य असेल, जसं तातडीच्या वैद्यकीय सेवेत किंवा बोलण्याबरोबरच अनुवाद करणाऱ्या दुभाष्याच्या कामात, तिथे वेळेची मर्यादा राहायलाच हवी. हेही मी तिला स्पष्ट सांगितलं.

अडथळे मुळात आखणीतच टाळायचे, हा विचार इमारतींकडून शिक्षणात आला. स्वतः व्हीलचेअर वापरणारे अमेरिकन वास्तुरचनाकार रॉन मेस यांनी ‘युनिव्हर्सल डिझाइन’ ही कल्पना मांडली: बांधून झाल्यावर उतार जोडण्यापेक्षा नकाशातच तो असावा. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘कास्ट’ या संस्थेने तो वर्गात आणला. तिची मार्गदर्शक तत्त्वं २००८ मध्ये आली, २०२४ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती. गाभा तीन गोष्टींचा. विद्यार्थी विषयात गुंतण्याच्या वाटा, माहिती मिळण्याच्या वाटा आणि शिकलेलं दाखवण्याच्या वाटा एकाहून जास्त असाव्यात, त्याही अभ्यासक्रम आखतानाच.

तिच्या संमतीने मी तिच्या एका प्राध्यापकांशी बोलले. त्यांची काळजी प्रामाणिक होती: “उद्या सगळेच मागतील. दर्जाचं काय?” मी त्यांना पेपरची उद्दिष्टं वाचून दाखवायला सांगितलं. त्यात हस्ताक्षराचा वेग कुठेच नव्हता. पुढच्या घटकापासून त्यांनी वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला अक्षरं सापडतील अशा पीडीएफ दिल्या, स्लाइड्स आदल्या दिवशी पाठवल्या आणि अंतर्गत मूल्यमापनात लेखी उत्तर किंवा ध्वनिमुद्रित सादरीकरण असा पर्याय सर्वांना खुला केला. गुणांचे निकष दोन्हींना एकच. ते निकष लिहायला त्यांना सगळ्यात जास्त मेहनत पडली, आणि ती पडायलाच हवी. ‘चांगलं उत्तर’ म्हणजे काय, हे तेव्हाच कागदावर येतं. काम करून शिकणाऱ्या आणि दुसऱ्या भाषेतून शिकणाऱ्या मुलांनीही त्या सोयी वापरल्या. कुणालाही प्रमाणपत्र दाखवावं लागलं नाही.

म्हणून वैयक्तिक सोयी अनावश्यक झाल्या, असं मात्र कुणी समजू नये. सत्रपरीक्षेत तिला वाढीव वेळ लागलाच. कर्णबधिर विद्यार्थ्याला सांकेतिक भाषेचा दुभाषी लागेल, अंध विद्यार्थ्याला गरजेनुसार लेखनिक. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात युनिव्हर्सल डिझाइनची व्याख्या करतानाच सांगितलं आहे, की त्यामुळे सहायक साधनांची गरज असेल तिथे ती वगळली जाणार नाहीत. त्याच करारात उच्च शिक्षणात भेदभाव न होता आणि आवश्यक त्या सोयींसह प्रवेश मिळण्याची हमीही आहे.

तिने सोयींसाठी नोंदणी केली, वेळ घेतला, चारही उत्तरं लिहिली. शंका पूर्ण गेली नाही, पण तिच्यापायी पेपर कोरा राहिला नाही.

पुढच्या सत्रात शिकवणारे नवे आणि पीडीएफ पुन्हा स्कॅन केलेल्या. इथे मला संताप येतो. दर सहा महिन्यांनी एका मुलीने प्रत्येक शिक्षकासमोर आपलं निदान नव्याने का मांडावं? एका भल्या प्राध्यापकावर हे अवलंबून राहता कामा नये. ग्रंथालयाने स्कॅन करतानाच अक्षरओळख करून मजकूर द्यावा. व्याख्यानांच्या चित्रफितींना उपशीर्षकं असावीत आणि ती कुणीतरी तपासलेली असावीत. शिक्षणाचं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी ते स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवून पाहावं. अभ्यास मंडळाने उद्दिष्टं इतकी स्पष्ट लिहावीत की परीक्षा विभागाला कोणती गोष्ट बदलता येते आणि कोणती नाही, हे विचारत बसावं लागू नये. ही कामं विद्यापीठाची आहेत, आणि शिक्षकांना त्यासाठी प्रशिक्षण व वेळ देणं हेही.

हीच काळजी घेऊन तुम्ही समुपदेशकाकडे जाणार असाल, तर एकाच विषयाची यादी करून न्या: कुठे अडतं, आणि ते अडणं त्या विषयाच्या उद्दिष्टात आहे का. नोंदणीचा अर्ज भरण्याआधी विचारा, की माझं निदान कुणाकुणाला कळेल. शिक्षकांपर्यंत फक्त लागणारी सोय पोहोचावी, निदान पोहोचायचं कारण नाही. तशी पद्धत तुमच्या संस्थेत नसेल, तर ती लेखी मागा. समुपदेशकाला सोबत घेऊन मागा.