फ्रेशआरएसएस बसवताना

घरच्या जुन्या पीसीवर डेबियन लिनक्स टाकलाच आहेस, तर वेगवेगळ्या साइटचे फीड (नव्या लेखांच्या याद्या) एकाच जागी वाचायला फ्रेशआरएसएसच घे. एकट्यासाठी एसक्यूलाइट हा एका फायलीत मावणारा डेटाबेस पुरतो, मायएसक्यूएलच्या वेगळ्या डेटाबेस सर्व्हरच्या भानगडीत पडू नकोस. फ्रेशआरएसएस पीएचपी भाषेत लिहिलेलं आहे, म्हणून पीएचपीची कर्ल, एक्सएमएल, एमबीस्ट्रिंग आणि एसक्यूलाइट ही एक्स्टेन्शन्स आधी टाक.

वेबसर्व्हरचं डॉक्युमेंट रूट (ब्राउझरला उघडं असणारं फोल्डर) फ्रेशआरएसएसच्या आतल्या ‘पी’ फोल्डरवरच ठेव. अख्खं फोल्डर उघडं राहिलं, तर ‘डेटा’मधला डेटाबेस कुणीही उतरवून घेऊ शकतो. हे खरंच गंभीर आहे.

फीड वेळेवर ताजे व्हायला अपडेटची स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) दर ३० मिनिटांनी लाव, पण वेबसर्व्हरच्याच युजरने. रूट या मुख्य अ‍ॅडमिन युजरने चालवलीस की नव्या फायली रूटच्या मालकीच्या होतात आणि ब्राउझरमधून रिफ्रेश करताना परवानगीची एरर येते. तसं झालंच, तर ‘डेटा’ची मालकी चाऊन कमांडने परत वेबसर्व्हरच्या युजरकडे दे.

पावसाळ्यात नाशकात वीज जाते, म्हणून छोटा यूपीएस जोडच.