माझा २० वर्षांचा भाऊ रोज रात्री एका यूट्यूबरचं लाइव्ह बघत बसतो, त्याला पैसेही पाठवतो. हा वेडेपणा कसा सोडवू?

'वेडेपणा' हा माझ्या दादाचाही लाडका शब्द, म्हणून लिहायला बसले.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्यातली रूम सोडून मी कराडला घरी आले. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष होतं. घरात रेंज नाही, म्हणून रात्री गच्चीवर जाऊन बसायचे. तिथेच पबजी हा मोबाइल गेम लाइव्ह खेळून दाखवणाऱ्या एका स्ट्रीमरचं चॅनेल सापडलं. रोज नऊ ते एक. पंधरा दिवसांत चॅटमधली नावं पाठ झाली, मग महिना ५९ रुपयांची मेंबरशिप घेतली, आणि ऑगस्टमध्ये त्याने मला मॉड, म्हणजे चॅटवर लक्ष ठेवणारा मॉडरेटर, केलं. नावापुढे मॉडची खूण असलेला तो निळा पाना आला तेव्हा मी आईला उठवून दाखवला होता. तिला वाटलं मोबाइल बिघडला.

मॉडचं काम म्हणजे फुकटची हमाली. शिव्या देणाऱ्यांना टाइमआउट देऊन थोडा वेळ गप्प करायचं, लिंका उडवायच्या, गर्दी वाढली की मेसेजचा वेग कमी करणारा स्लो मोड लावायचा. २ सप्टेंबरला पबजीसकट ११८ ॲप्सवर बंदी आली, त्या रात्री तो स्ट्रीमर कॅमेऱ्यासमोर रडला आणि गच्चीवर मीही रडले. दादा जिन्यातून डोकावून म्हणाला, "त्याला तुझं नाव तरी माहितीये का गं?"

नव्हतंच माहीत. माझ्या हँडलवरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, आणि तो पहिल्या दिवसापासून मला 'भाई' म्हणायचा. मी कधी सांगितलं नाही. चॅटमध्ये मुलीचं नाव दिसलं की लोक काय काय लिहितात, ते मीच तर रोज डिलीट करत होते.

मग एप्रिल २०२१. बाबांचा ऑक्सिजन ८६ वर आला. दादा त्यांना गाडीत घालून एका हॉस्पिटलातून दुसऱ्याकडे फिरत होता, मी आणि आई पॉझिटिव्ह, घरात कोंडलेल्या. काहीच सुचेना म्हणून मी ५०० रुपयांच्या सुपर चॅटवर, म्हणजे पैसे भरून उठून दिसणाऱ्या मेसेजमध्ये, बाबांबद्दल लिहिलं. स्ट्रीमरने वाचलं. "भाई के पापा के लिए दुआ करो सब... अरे पीछे से आया, पीछे से आया!" एवढंच. पबजी गेल्यावर तो फ्री फायर हा गेम खेळायचा, त्यातला शत्रू मागून आला होता.

पण डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मॉड्सचा ग्रुप होता, त्यात आम्ही पाच जण होतो. नाशिकची एक, गुवाहाटीचा एक, दोघं इंदूरचे. ते चौघं पहाटे चारपर्यंत हॉस्पिटलांच्या यादीतले नंबर फिरवत बसले. लागत नव्हते, लागले तर 'बेड नाही'. शेवटी नाशिकवालीने सांगलीत ऑक्सिजनचा बेड मिळवला आणि थेट दादाला फोन केला. बाबा आज ठणठणीत आहेत. दादा अजूनही सांगतो, "कुणीतरी ओळखीतून बेड मिळाला." कुणाच्या ओळखीतून, ते तो सांगत नाही.

तर तुमचा प्रश्न. एकतर्फी नातं असतं, हे खरं आहे. कॅमेऱ्यातून आपल्याशीच बोलल्यासारखं बोलणाऱ्याचा लळा लागतो, हे हॉर्टन आणि वोल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्येच टीव्हीबद्दल लिहून ठेवलंय, 'पॅरासोशल' हा शब्द त्यांचाच. म्हणजे तुमच्या भावाच्या पिढीने काही नवीन बिघडवलेलं नाही. फरक इतकाच की टीव्हीवरचा निवेदक पैसे घेऊन तुमचं नाव वाचत नव्हता. यूट्यूबवर सुपर चॅटमधले साधारण ३० टक्के कंपनी ठेवते, बाकीचे यूट्यूबरला जातात. नाव वाचणं हा त्याचा धंदा आहे. त्यात प्रेम शोधलं की फसलात, आणि मी शोधलं होतं.

पण घरचे ज्या तोऱ्यात बोलतात, तो मला पटत नाही. १० जुलै २०१९ ला मँचेस्टरला गप्टिलच्या थ्रोवर धोनी रनआउट झाला, त्या रात्री आमचा दादा जेवला नाही. आईने दोनदा ताट वाढलं. धोनीला दादाचं नाव माहीत होतं का? दादाला कुणी वेडा म्हटलं नाही, उलट आजूबाजूच्या चार घरांत तेच चाललं होतं.

त्यामुळे भावाला 'त्याला तुझं नाव तरी माहितीये का' हे विचारू नका. त्याचं उत्तर त्याला पाठ असतं. त्यापेक्षा चॅटमध्ये, डिस्कॉर्डवर त्याचं कुणाकुणाशी जमतं ते विचारा. नावं सांगायला लागला तर खुशाल बघू दे. एकही नाव सांगता आलं नाही, नुसता त्या एका माणसाबद्दलच बोलत राहिला, तर मात्र रोज थोडा वेळ त्याच्या शेजारी जाऊन बसा. लाइव्ह बघत बसलात तरी चालेल.

हो, आणि परीक्षा बुडवतोय, झोपतच नाहीये किंवा कर्जाच्या ॲपवरून पैसे उचलतोय असं असेल, तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टर गाठा. पैशांचं एकदा विचाराच, आवाज न चढवता. मी दहावीच्या ट्यूशन घेऊन मिळवलेल्यातले दीड वर्षात ११,३४० रुपये घातले. दादाला हा आकडा आज इथेच कळेल, कारण ही लिंक मी त्याला पाठवणार आहे.