मुलं बाहेर पडतील तेव्हा मास्तरांनी काय करायचं

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न एकच, "मुलं वर्ग सोडून बाहेर पडायचं म्हणताहेत, मी काय करू?" आणि बाकी चार पानं संताप. राजीनाम्याचं आधी डोक्यातून काढ. तू पूर्व लॉस एंजेलिसमध्ये शिकवतेस, आणि नेमका हाच प्रश्न तिथल्याच एका मास्तरांपुढे १९६८मध्ये उभा राहिला होता. त्या मास्तरांचं नाव साल कास्त्रो. लिंकन हायस्कूलमध्ये सामाजिक शास्त्रं शिकवायचे. तुमच्या स्टाफरूममधल्या एखाद्या जुन्या माणसापुढे हे नाव काढून बघ.

जन्म १९३३चा, तुझ्या शेजारच्याच बॉइल हाइट्समधला. मंदीच्या काळात मेक्सिकन लोकांना लोंढ्यांनी सीमेपार धाडत होते, त्यात यांच्या वडलांनाही जावं लागलं. मुलगा काही काळ तिकडे मेक्सिकोत मासात्लानच्या शाळेत गेला. परत आला तर इंग्रजी येत नाही, म्हणून बाईंनी कोपऱ्यात बसवलं. दुसरं एखादं पोर हिरमुसलं असतं. याला वाटलं, मी बोलतोय ते या बाईंना कळत नाही, म्हणजे ढ कोण? मोठेपणी ते हा किस्सा हसत सांगत. मला मात्र त्यात हसू कमी येतं.

मास्तर झाल्यावर पहिली ठिणगी पडली ती बेलमाँट हायस्कूलमध्ये. शाळेत पोरं बहुतेक मेक्सिकन, पण विद्यार्थी मंडळात त्यांचं कुणी नाही. कास्त्रोंनी त्यांना निवडणुकीला उभं केलं. सभेत उमेदवार स्पॅनिशमध्ये बोलले आणि मुख्याध्यापकांचं डोकं फिरलं. कास्त्रोंची बदली झाली, ती लिंकनला. बदली म्हणजे शिक्षा, हे तुला मी सांगायला नको. ज्या शाळेत शिक्षा म्हणून पाठवलं, तिथेच पुढचं सगळं घडलं, हा भाग मला फार आवडतो.

आता लक्ष देऊन वाच. लोकांना १९६८ आठवतं. खरं काम १९६३पासून चाललं होतं. त्या वर्षी मालिबूजवळच्या एका शिबिरस्थळी मेक्सिकन-अमेरिकन पोरापोरींना जमवून बोलतं करायला सुरुवात झाली, आणि त्यात कास्त्रो होते. तिथे वेगवेगळ्या शाळांतली मुलं पहिल्यांदा एकमेकांशी बोलली. जेवणाच्या सुट्टीत संडासांना कुलूप तुमच्याकडेही? स्पॅनिश बोलल्यावर मार तुमच्याकडेही? आणि तुम्हालाही कॉलेजचं नाव न काढता सुतारकाम, शिवणकामच घ्यायला सांगतात? आपल्याच शाळेचं दुखणं म्हणून जो तो गिळत होता, ते सगळ्यांचं निघालं. 'चिकानो' हा मेक्सिकन-अमेरिकनांसाठीचा शब्द आधी हिणवायला वापरत. या पिढीने तो छातीवर लावला.

मागण्यांचे कागद मुलांनी केले. दोन भाषांतून शिक्षण, मेक्सिकन-अमेरिकन इतिहास, शाळांत मेक्सिकन शिक्षक आणि मुख्याध्यापक, उघडे संडास. कास्त्रोंनी त्यात व्यवहार घातला. शाळेला सरकारी पैसा मिळायचा तो रोजच्या हजेरीवर. हजेरी घेण्याआधीच बाक रिकामे झाले, तर शिक्षण मंडळाच्या खिशाला चाट. भाषणापेक्षा हजेरीपट मोठा!

तरी ठरवल्याप्रमाणे काही झालं नाही. १९६८च्या १ मार्चला विल्सन हायस्कूलमध्ये मुख्याध्यापकांनी मुलांच्या नाटकाचा प्रयोग ऐनवेळी रद्द केला आणि तिथली पोरं सगळ्यांच्या आधीच बाहेर पडली. मग आठवडाभरात गारफील्ड, रूझवेल्ट, लिंकन, बेलमाँट. रूझवेल्टला फाटकं बंद केली तेव्हा मुलं कुंपणावरून चढून गेली. हजारो मुलं रस्त्यावर, समोर पोलीस. लिंकनमध्ये कास्त्रो मुलांबरोबर बाहेर चालत गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: मोठं माणूस सोबत असलं, तर लाठी उगारणारा हात जरा विचार करील. पुढारपण मुलांकडेच राहिलं.

किंमत पडलीच. जवळपास तीन महिन्यांनी तेराजणांना अटक झाली, त्यात कास्त्रो. शांतताभंग हा किरकोळ गुन्हा, पण 'कट' म्हटलं की तो गंभीर होतो, म्हणून कटाचा आरोप. कास्त्रोंना वर्गातून काढलं. सप्टेंबरात पालक आणि विद्यार्थी शिक्षण मंडळाच्या सभागृहात आठवडाभर ठाण मांडून बसले, ३५ जणांना पकडलं, आणि अखेर मंडळाला कास्त्रोंची नेमणूक परत द्यावी लागली. आरोप रद्द व्हायला १९७० उजाडलं. परत घेतल्यावरही सुखाने शिकवू दिलं नाहीच. या शाळेतून त्या शाळेत बदल्या.

तू विचारशील, सर, तुम्ही काय केलंत? तिकडे शिकवत होतो तेव्हा माझ्या वर्गातल्या एका पोराला वरिष्ठांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "ही भाषा घरी." पोराने माझ्याकडे पाहिलं. मी हजेरी घेत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या बाकावर गेला आणि वर्षभर तिथेच बसला. म्हणून मी तुला धीर धर वगैरे सांगणार नाही.

पण घाईही करू नकोस. आधी पालकांना घरी जाऊन भेट, संध्याकाळी, कामावरून आल्यावर. कोणत्या दिवशी कोण काय म्हणालं याची तारखेनिशी वही ठेव. संघटनेतल्या वकिलाशी आत्ताच बोलून ठेव, अटकेनंतर नव्हे. आणि मुलं बाहेर पडलीच, तर तू त्यांच्या पुढे नाही, शेजारून चाल. त्यानंतर मात्र वर्गात परत जायचं. कास्त्रो २००४मध्ये निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. हे आंदोलन उभं करणाऱ्या तरुणांपैकी मोक्तेसुमा एस्पार्झा चित्रपट निर्माता झाला. आणि त्या शिबिरात घडलेली विकी कास्त्रो, तरुणपणी या आंदोलनात पुढे होती, ती १९९३मध्ये त्याच शिक्षण मंडळावर निवडून आली. नात्यातली नव्हे, आडनाव तेवढं सारखं.

मागण्यांचा कागद तू पत्रासोबत पाठवलास. अक्षर तुझं आहे, वाक्यंही तुझीच. तो बाजूला ठेव आणि सोमवारी मुलांपुढे कोरा कागद ठेव. त्यांनी लिहिलेल्याचा फोटो काढून पाठव, चुका असतील तशा. शनिवारी सकाळी फोन कर, तुझ्याकडे शुक्रवारची रात्र असेल.

तुझे सर