एका वर्गात चार विभाग: संशोधन पद्धतीचा तास आणि धवल्यांचा अभ्यास

प्रश्न: मी घणसोलीला राहते. ठाण्यात एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धतीचा 4 क्रेडिटचा पेपर आहे आणि तो मराठी, इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र या चारही विभागांना एकत्र शिकवतात. सर अर्थशास्त्राचे आहेत. नमुना निवड, प्रमाण विचलन, गृहीतकांची चाचणी हेच चालू असतं. मला आगरी लग्नांतल्या धवल्यांवर, म्हणजे लग्नविधींच्या वेळी म्हणायच्या पारंपरिक गाण्यांवर, प्रकल्प करायचा आहे. गाण्यांच्या अभ्यासात हे आकडे कुठे येतात? बाबा म्हणतात, हजेरीपुरती बस आणि तो वेळ नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या, अभ्यासाला दे. दोन मैत्रिणी बाहेर एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचा क्लास लावताहेत. मी काय करू?

उत्तर: तुझा विषय वाचून फार बरं वाटलं. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 साली स्थापन झाली, 95 गावांच्या जमिनी त्या शहरासाठी गेल्या, आणि तरीही गावठाणांतल्या मांडवात धवलारीण, म्हणजे धवले म्हणणारी बाई, अजून गाते. तू त्याच गावांपैकी एकात राहतेस, त्यामुळे हा विषय तू सोडू नयेस असं मला वाटतं. आणि याच विषयासाठी तो तास तुला मनापासून करायला हवा.

बाबांना आधी एक सांग. नेटचा पहिला पेपर सगळ्या विषयांना सारखाच असतो, 50 प्रश्न आणि 100 गुण. त्यातल्या दहा घटकांपैकी एक संशोधन अभियोग्यता आणि दुसरा माहितीचं अर्थनिर्वचन. म्हणजे तो तास नेटच्या अभ्यासाच्या आड येत नाही. पुढे पीएच.डी. केलीस तर युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क करावं लागतं, तिथे हेच पुन्हा भेटेल. त्याच्याही आधी, तिसऱ्या सेमिस्टरला 4 आणि चौथ्याला 6 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे. तिथे कच्चेपणा लगेच उघडा पडतो.

आता तुझा खरा प्रश्न. समजा, तू कोपरखैरण्यातल्या एका वयस्कर धवलारणीकडे गेलीस आणि विचारलंस, ‘‘मावशी, आता जुने धवले कुणी म्हणत नाही, याचं वाईट वाटतं का?’’ ती ‘‘हो गं’’ म्हणणार. तू वहीत लिहिणार, परंपरा लोप पावत आहे. या एका प्रश्नात दोन गोष्टी तूच ठरवून टाकल्यास. धवले कुणी म्हणत नाही ही एक, आणि त्याचं वाईट वाटायलाच हवं ही दुसरी. मावशीने फक्त मान डोलावली. त्याऐवजी ‘‘मागच्या हंगामात कुणाकुणाच्या लग्नाला गेला होतात? हळदीला काय म्हटलंत? कुठलं म्हणायचं राहिलं?’’ असं विचारलंस तर घरांची नावं येतील, विधींचा क्रम येईल, डीजे लागल्यावर मध्येच थांबावं लागलं असेल तर तेही ती आपणहून सांगेल. प्रश्न कसा विचारायचा हे समाजशास्त्रवाले वर्षानुवर्षं घोटतात. ते तुझ्या शेजारच्या बाकावर बसलेत.

इतिहासाच्या मुलांचाही तुला मोठा उपयोग आहे. साधनाला उलट तपासायची त्यांना सवय असते: हे कुणी सांगितलं, कधी, कुणासमोर, आणि दुसरीकडून त्याला दुजोरा आहे का. ‘‘हा धवला माझ्या आजीचा’’ असं धवलारीण सांगते तेव्हा तिच्यावर अविश्वास दाखवायचा नसतो. पण त्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्याचा किंवा कंपनीतल्या नोकरीचा उल्लेख असेल तर ती ओळ आजीच्या काळातली की नंतर घातलेली, हे पाहावं लागतं. धवला काळाप्रमाणे वाढतो, हा तुझा निष्कर्ष अशाच एखाद्या ओळीतून निघू शकेल.

राहिले आकडे. प्रमाण विचलन तुझ्या प्रकल्पात बहुधा लागणार नाही, परीक्षेपुरतं नीट शिक. पण मोजणं लागेल. चार गावांतल्या बारा धवलारणींकडून हळदीचा धवला घेतलास आणि त्यातली एक ओळ नऊ जणींकडे सापडली, तीन जणींकडे नाही, तर त्या तिघी कुठल्या? एकाच गावच्या? सासर-माहेर वेगळं असलेल्या? एकीकडूनच शिकलेल्या? साधा तक्ता काढलास तरी पाठभेदांचा नकाशा दिसायला लागतो. आणि बारा जणींवरून ‘आगरी समाजात असं गातात’ हे वाक्य लिहिता येत नाही, हेही तुला नमुना निवडीच्या त्याच कंटाळवाण्या तासात कळेल. ओळखीतून ओळख काढत गेलेला नमुना काय सांगू शकतो आणि काय नाही, एवढं सरांकडून पक्कं समजून घे.

हे सगळं करून दाखवलेलं काम आपल्याकडे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या 1 लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. गाणारीचं नाव, गाव, ओवीचा विषय अशी नोंद ठेवत त्यांचं वर्गीकरण केलं. पुढे बर्नार्ड बेल यांच्यासारखा संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारा माणूस त्यात आला. आज या ओव्या ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. समाजशास्त्र, भाषा, संगीत, संगणक यांतलं एकही वगळलं असतं तर ते काम इतकं उभं राहिलं नसतं. एक संध्याकाळ काढून त्यातल्या नोंदी कशा लिहिल्यात ते बघ.

तुझी तक्रार मात्र अर्धी खरी आहे, आणि ती विभागात मांडायला हवी. आगरी बोली कागदावर कशी उतरवायची, चालीसाठी लांबवलेला स्वर लिहायचा की नाही, दोन पाठांतला मूळ कुठला मानायचा किंवा मुळात मूळ मानायचाच का, हे अर्थशास्त्राचे सर शिकवू शकणार नाहीत. तो त्यांचा दोष नाही. एकत्र तासाला विभागाच्या स्वतंत्र तासाची जोड नसेल तर साहित्याची मुलं अर्धपोटी राहतात. तुम्ही पाच-सहा जणांनी मिळून विभागप्रमुखांकडे आठवड्याला एक तास मागा. तोंडी नको, अर्ज लिहून द्या. त्यात तुमचे प्रकल्पविषय लिहा, म्हणजे तास कशासाठी हवाय ते दिसेल.

एसपीएसएसच्या क्लासला आत्ता पैसे घालू नकोस. तुझी माहिती एक्सेलमध्ये मावते. संदर्भ ठेवायला झोटेरो फुकट आहे, आधीचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर आहेत, संशोधन पद्धतीचे अभ्यासक्रम स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आहेत. त्यापेक्षा एक चांगला व्हॉइस रेकॉर्डर घे.

नोकरीचं तू विचारलेलं नाहीस, पण बाबांच्या मनात तेच असणार. बाजार संशोधन संस्था, सामाजिक संस्थांचे मूल्यमापन विभाग, मराठी आवाज आणि मजकुरावर काम करणाऱ्या कंपन्या यांना मराठीत मुलाखत घेणारी, ती शब्दशः उतरवणारी आणि तिच्यातून तक्ता काढणारी माणसं लागतात. नुसतं एम.ए. मराठी त्यांना पुरत नाही. त्याला या कामाचे दोन नमुने जोडलेस तर अर्ज बाजूला पडत नाही.

आता वेळापत्रक. तुळशीचं लग्न लागलं की गावात लग्नांचा हंगाम सुरू होईल. त्याआधी, दिवाळीच्या सुट्टीत, तीन कागद तयार ठेव: विचारायच्या प्रश्नांची यादी, प्रत्येक धवल्यासोबत भरायची नोंद (गाणारी, वय, माहेर, कुणाकडून शिकली, कुठला विधी, तारीख) आणि रेकॉर्डिंगची परवानगी मराठीत. परवानगी आधी मोठ्याने वाचून दाखवायची, मग सही किंवा अंगठा घ्यायचा. रेकॉर्डिंगची एक प्रत तिच्या घरी द्यायची, हेही त्यातच लिही. हे तिन्ही कागद त्या अर्थशास्त्राच्या सरांना दाखव, आणि समाजशास्त्राच्या एखाद्या मुलीला प्रश्नांची यादी देऊन तिच्यावर आधी मुलाखत करून बघ. पहिल्या मुलाखतीला आईला सोबत ने. गावातल्या बायका तिला ओळखत असतील तर दार लवकर उघडेल.