आज्ज्यांचा कागद

प्रश्न : आमचे आज्जे खानापूर तालुक्यातून मराठा पलटणीत गेले. 1944 साली इटलीत पडले. घरी पदक नाही, ‘खलित्यात उल्लेख’ (म्हणजे सेनापतीच्या अहवालात शौर्यासाठी नाव) झाल्याचा कागद तेवढा आला. त्यांचं शौर्य कमी ठरलं काय?

उत्तर : नाही हो, ताई. मी स्वतः मराठा पलटणीचा सुभेदार, बेळगावच्या सेंटरातच घडलो. हे मनातून काढून टाका. त्या काळी रणात पडलेल्याला शौर्यासाठी बहुतेक वेळा दोनच गोष्टी मिळत, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) किंवा खलित्यात उल्लेख. मधली बहुतेक पदकं फक्त जिवंत माणसाला.

व्हिक्टोरिया क्रॉसचं उदाहरण सांगतो. आपल्याच पलटणीतले यशवंत घाडगे, हुद्दा नाईक, माणगावकडचे. 10 जुलै 1944, इटलीतल्या टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांचे सगळे जवान पडले. ते एकटे धावले, ग्रेनेडने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. लगेच लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने गेले. वय 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर मात्र नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे.

आज्ज्यांच्या कागदावरचा शिपाई नंबर घेऊन राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) युद्धात पडलेल्यांच्या यादीत शोधा. आणि ताई, तो कागद ट्रंकेत ठेवू नका, वाळवी लागते. काचेत घाला.