अणुबॉम्बचा ‘काळाबाजार’ की ‘तस्करी’?

रत्नागिरीकडच्या एका सरांनी विचारलंय. त्यांच्या नववीतल्या मुलीने प्रकल्पाच्या वहीत ‘पाकिस्तानच्या अब्दुल कादीर खानने अणुतंत्रज्ञानाचा काळाबाजार केला’ असं लिहिलं, सरांनी लाल पेनाने ‘तस्करी’ केलं, आणि तिचे वडील, जे बंदरात क्लिअरिंगचं, म्हणजे कस्टममधून माल सोडवण्याचं, काम बघतात, ते म्हणाले दोन्ही शब्द बसत नाहीत. मग बसतो कुठला?

सर, मी वडिलांच्या बाजूने. काळाबाजार म्हटलं की मराठी माणसाला रेशनचं रॉकेल आठवतं, साखर आठवते, पिक्चरची ब्लॅकची तिकिटं आठवतात. म्हणजे साठा करून ठेवायचा आणि ठरलेल्या भावापेक्षा चढ्या भावाने विकायचा. युरेनियमच्या सेंट्रिफ्यूजला, म्हणजे बॉम्बसाठी युरेनियम तयार करणाऱ्या, गरागरा फिरणाऱ्या यंत्राला, कुठे कंट्रोलचा भाव होता? पेपरवाले इंग्रजी बातमीतलं ब्लॅक मार्केट उचलून ठेवतात, झालं. आता रुळलाय शब्द, त्यामुळे मुलीचे मार्क कापू नका.

तस्कर म्हणजे संस्कृतात नुसता चोर. स्मगलर हा अर्थ नंतर चिकटला, जुने पेपर ‘चोरटी आयात’ म्हणायचे, तोही शब्द छान होता. आपल्या किनाऱ्यावर तसंही तस्करी कोण म्हणतं हो, स्मगलिंगच म्हणतात, आणि माल उतरला की ‘लँडिंग झालं’. दुबईहून दहा तोळ्यांची सोन्याची बिस्किटं यायची, इकडून चांदी जायची, आणि १९९३ साली रायगडातल्या शेखाडीला मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं तेव्हापासून तर त्या शब्दाला वेगळाच वास लागला. पण चित्र तेच, रात्रीची वेळ, लाँच, आणि कस्टमवाल्यांची नजर चुकवलेली.

खानचा माल तसा गेला नाही, हे मुख्य. सुरुवात चोरीनेच झाली हे खरं, हा पाकिस्तानी शास्त्रज्ञ अॅमस्टरडॅमच्या एका लॅबमध्ये नोकरीला होता, ती लॅब युरेन्को या युरेनियमवर प्रक्रिया करणाऱ्या युरोपियन कंपनीसाठी काम करायची, तिथून सेंट्रिफ्यूजचे आराखडे आणि पार्ट पुरवणाऱ्यांची यादी घेऊन तो १९७५च्या डिसेंबरात पाकिस्तानात परतला. तेवढ्यापुरता तो जुन्या संस्कृत अर्थाने तस्कर, पक्का. पण पुढे इराण, लिबिया, उत्तर कोरियाशी जे चाललं तो सरळ धंदा होता, ऑर्डर, बिल, दुबईतली कंपनी, मलेशियातल्या कारखान्यात कातून घेतलेले सुटे भाग. कातणाऱ्याला ड्रॉइंग मिळणार, पाइप कुठे लागणार ते कळेलच असं नाही. पकडला गेला तो मालही असाच, ऑक्टोबर २००३ मध्ये ‘बीबीसी चायना’ नावाचं जर्मन मालकीचं जहाज दुबईहून लिबियाला निघालं होतं, ते इटलीच्या तारांतो बंदरात वळवलं आणि पाच कंटेनर उतरवले, आत सेंट्रिफ्यूजचे भाग. कंटेनर! म्हणजे वडिलांच्या रोजच्या कामातली वस्तू. इथे मालापेक्षा कागद खोटा असतो, कोण वापरणार आणि कशासाठी हे त्यात खोटं लिहिलेलं. क्लिअरिंगवाल्या माणसाला ‘तस्करी’ खटकणारच.

दोनच महिन्यांनी लिबियाने आपला कार्यक्रम सोडल्याचं जाहीर केलं आणि ४ फेब्रुवारी २००४ला खानने पाकिस्तानच्या टीव्हीवर कबुली दिली. लिबियाकडून जे कागद मिळाले त्यात बॉम्बचं डिझाइनही होतं, आणि ते इस्लामाबादच्या एका टेलरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आलं होतं. शिवायला टाकलेल्या कपड्यांसारखं! याला काळाबाजार म्हणा नाहीतर काहीही, मला तरी शब्द सापडत नाही.

असो. माझं मत ‘चोरटा व्यापार’. चोरटा म्हटलं की लपूनछपून आलंच आणि व्यापार म्हटलं की बिल, दलाल, कमिशन सगळं येतं. सरकारी मराठीतला ‘अण्वस्त्रप्रसार’ इथे चालेल, पण प्रसार म्हटलं की मला उगाच शिक्षण प्रसारक मंडळ आठवतं. आणि लिहिताना अण्वस्त्र, ‘अणवस्त्र’ नाही, अणु अधिक अस्त्र.

जाता जाता, तुम्ही पाठवलेल्या फोटोत तिसऱ्या ओळीत ‘संपृक्त युरेनियम’ आहे ते मात्र लाल पेनाने कापा. संपृक्त म्हणजे मीठ आणखी विरघळणार नाही असं पाणी. युरेनियम ‘समृद्ध’ करतात, जैतापूरच्या चर्चेत तुमच्याकडे सगळ्यांनी ऐकलेला शब्द असेल तो.