गोळ्या मोजू नकोस, दिवस मोज

बेटा,

‘संधिवाताच्या मेथोट्रेक्झेटनेच डोकं दुखतं, बंद करू का?’ असं विचारलंस. मनाने बंद करायचं नाही. पण दुखण्याच्या गोळीबद्दल ‘फार नाही, अधूनमधून’ एवढंच लिहिलंस. अधूनमधून म्हणजे किती दिवस?

सकाळी बोटं आखडली म्हणून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक घेतलीस, तर तो दिवस डोक्याच्याही खात्यात पडतो. मायग्रेनवाल्यांनी साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनची खास गोळी) किंवा कॅफीनची मिसळ-गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांवर घेतली की गोळीच डोकेदुखी पोसू लागते. संधिवाताचे डॉक्टर आपली गोळी लिहितात, मेंदूचे आपली. दोन्ही कागदांवर आठ-आठ दिवस, कोणालाच जास्त वाटत नाही. तारखा वेगळ्या असतील तर तुझ्या अंगात मात्र ते सोळा होतात. म्हणून दिवस मोज.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोकं दुखलं त्या तारखेला ‘ड’, कुठलीही वेदनाशामक घेतली तर टिंब, मेथोट्रेक्झेटच्या वारी ‘म’. एका दिवशी तीन गोळ्या घेतल्या तरी टिंब एकच. ‘म’च्या दुसऱ्या दिवशीच ‘ड’ पडत असेल तर तुझा संशय खरा असू शकतो. मग फोलिक ॲसिड वाढवायचं की डोस बदलायचा, ते डॉक्टर बघतील. ‘ड’ कुठेही विखुरलेला असेल तर त्या औषधाला उगीच बोल लावू नकोस. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडलंस की सांधे पेटणार आणि टिंबं वाढणार. हट्टी म्हण मला, पण कॅलेंडर पाहिल्याशिवाय मी कोणाला गोळी बदलायचा सल्ला देत नाही.

सांध्यांना वाईट म्हणून शेजारणींच्या सांगण्यावरून वांग्याचं भरीत सोडलंस! एकादशीचा कडकडीत उपास मात्र चालूच. भरीत खा, उपाशी राहून डोकं उठवू नकोस.

वैशाखात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. अंगात पाणी कमी असताना डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाला जड जाते, आणि मेथोट्रेक्झेट तिथूनच बाहेर पडतं. मायग्रेनसाठी टोपिरामेट लिहून दिलं तर डॉक्टरांना उन्हाळ्याबद्दल विचार, त्याने घाम कमी होतो आणि मुतखड्याची भीती असते.

टिंबं भरपूर निघाली आणि दुखण्याची गोळी थांबवायची ठरली, तर पहिले २ ते १० दिवस डोकं जास्तच दुखेल. परीक्षेच्या आठवड्यात हे सुरू करू नकोस. ताप आणि मान ताठ झाली, किंवा एकदम कधी नव्हे असं डोकं फुटायला लागलं, तर कॅलेंडर राहू दे, त्याच रात्री जळगावला मोठ्या दवाखान्यात जा. मेथोट्रेक्झेट चालू आहे हे दारातच सांग.